सूर्यफुलाची काढणी

मुलांनो, शाळेच्या बागेतील सूर्यफुलाची पाठ हिरवी असता ते कापू नये. पाठ पिवळी पडली, म्हणजे दाणे भरले असे समजावे. मात्र फार थांबलात, तर पोपटच काढणी उरकतील!

कापलेले फूल लगेच झोडपू नका. आपण ज्यास एक फूल म्हणतो, तो शेकडो चिमुकल्या फुलांचा समुदाय असून प्रत्येक दाणा हे एक स्वतंत्र फळ होय. दाण्यांच्या ओळी उजवीकडे व डावीकडे वळत गेलेल्या दिसतात. रंगाने खुणा करून त्या मोजा. बहुधा एकीकडे ३४ व दुसरीकडे ५५ भरतील. आता १ व २ यांपासून मागील दोन संख्यांची बेरीज करीत चला : ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५!

झोडपून झाल्यावर टपोरे दाणे पेरणीसाठी राखा. उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षांपूर्वी असेच बी राखून हे रानफूल शेतात आणले.