नकार द्यायचा तर दारातच

कोलकात्याच्या जनरल पोस्ट ऑफिसची घुमटाकार वास्तू १८६८ सालची. त्याच्याही आधी, १७७४ मध्ये, वॉरन हेस्टिंग्जने कंपनीचे टपाल याच शहरातून सर्वसामान्यांना खुले केले. या खात्याने एक शिस्त पुढे जपली: पत्र पोचवता आले नाही, तर ते पाठवणाऱ्याकडे परत जाते, त्याचा पत्ता पाकिटावर नसेल, तर पाकीट उघडून शोधला जातो. ईमेलच्या कारभारात ही शिस्त राहिलेली नाही.

नकोशी ईमेल, म्हणजे स्पॅम, सर्व्हरला दारातच अडवता येते. दोन सर्व्हरांचा संवाद चालू असतानाच, समोरच्या यंत्राला त्या नावाने पत्र धाडण्याचा अधिकार आहे का, हे पाहून '५५०' या क्रमांकाचा नकार देता येतो. पाठवणारा प्रामाणिक असेल, तर पत्र पोचले नसल्याचे त्याचाच सर्व्हर त्याला कळवतो. पत्र आधी स्वीकारून मग परत धाडले, तर ज्याचे नाव चोरले त्या निरपराध माणसावर ते जाऊन आदळते. म्हणून पुष्कळ ठिकाणी ते गुपचूप नष्ट केले जाते. हे सर्वांत वाईट. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ नुसार, अन्यथा ठरले नसेल तर, नेमून दिलेल्या संगणकात मजकूर शिरला की तो मिळाला असे धरले जाते. म्हणजे कायद्याने मिळालेले पत्र प्रत्यक्षात कोणीच पाहिलेले नसते!

त्रासदायक आणि दिशाभूल करणाऱ्या ईमेलला शिक्षा सांगणारे कलम ६६-अ एके काळी होते. २०१२ मध्ये ते जादवपूर विद्यापीठातील एका प्राध्यापकावर, व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवल्याबद्दल, लावले गेले. त्याच वर्षी पालघरच्या दोन तरुणींवरही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये ते रद्द केले, ते योग्यच झाले. पण स्पॅमला लागू पडणारा भागही त्याबरोबर गेला, आणि ती जागा रिकामीच राहिली. दूरसंचार नियामकाचे २०१८ चे नियम व्यापारी कॉल आणि एसएमएसपुरते आहेत. परिणामी, नागरिकाचे कोणते पत्र आत घ्यायचे, हे सर्व्हर सांभाळणारा ठरवतो. निदान सरकारी कार्यालयांनी तरी नकार दारातच द्यावा, आणि अडवलेल्या पत्रांची नोंद ठेवावी, एवढा नियम करणे अवघड नाही.

निवृत्तीनंतर माझाच एक अर्ज असा एका कार्यालयाच्या चाळणीत नाहीसा झाला. 'आलाच नाही,' असे तेथील लिपिक म्हणाला, आणि तो खोटे बोलत नव्हता. मग मी तो कागदावर लिहून पोचपावतीसह टपालाने पाठवला. चौथ्या दिवशी पावती घरी आली.