संगणकाचे घर प्रशस्त हवे, ते कशासाठी?

सुटे भाग खरेदी करून संगणक जुळवून घेणाऱ्यांना मुंबईतील लॅमिंग्टन रोड नवा नाही. तेथील खरेदीचा एक क्रम वर्षानुवर्षे रूढ आहे. प्रथम प्रोसेसर, मग मदरबोर्ड, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यांची घासाघीस होते आणि यादीच्या तळाशी, उरल्यासुरल्या पैशांत, कॅबिनेट निवडले जाते. ते दिसायला आवडले म्हणून घेतले जाते किंवा 'यात सगळे बसेल' असे दुकानदार सांगतो म्हणून. घरगुती वापराच्या संगणकापुरते हे निभावून जाते. परंतु त्रिमितीय अ‍ॅनिमेशन, चित्रफितींचे संकलन, कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग किंवा उच्च दर्जाचे गेम यांसाठी जेव्हा यंत्र उभे केले जाते आणि त्यातील एकट्या ग्राफिक्स कार्डावरच दोन लाखांहून अधिक रुपये खर्ची पडतात, तेव्हा हाच क्रम महागात पडू शकतो.

अशा वेळी जाणकार मित्राचा सल्ला ठरलेला असतो: 'मोठे कॅबिनेट घे, आत हवा खेळती राहील.' सल्ला चुकीचा नाही. त्यामागचे कारण मात्र बहुधा चुकीचे समजले जाते. मोठ्या खोलीत उकाडा कमी जाणवतो, तसे मोठ्या कॅबिनेटमध्ये यंत्र थंड राहते, अशी सर्वसाधारण कल्पना असते. थोडे गणित केले की ती टिकत नाही.

एनव्हिडियाचे २०२५ च्या जानेवारीत बाजारात आलेले आरटीएक्स ५०९० हे कार्ड ५७५ वॉटपर्यंत वीज घेते. इंटेलचा २०२३ चा कोअर आय-९ १४९००के हा प्रोसेसर पूर्ण भारावर २५३ वॉटपर्यंत जातो. दोन्ही एकाच वेळी राबू लागले की सुमारे ८०० वॉट होतात, आणि ही जवळपास सारी वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. आता ८० लिटरचे, म्हणजे चांगले ऐसपैस कॅबिनेट घेतले, तरी त्यातील हवेचे वजन भरते जेमतेम ९० ग्रॅम. एवढ्याशा हवेला ८०० वॉटची उष्णता दिली, तर तिचे तापमान दर सेकंदाला सुमारे ९ अंशांनी चढेल. आतील पत्रा आणि धातूचे भाग थोडी उष्णता शोषून घेतील. पण त्याने मिळणारी सवड काही मिनिटांचीच. रिकामी जागा उष्णता साठवून ठेवील, ही अपेक्षाच मुळी व्यर्थ आहे.

उष्णता बाहेर जाते ती वाहत्या हवेबरोबर. दर सेकंदाला ५० लिटर हवा पुढून आत येऊन मागून वा वरून बाहेर पडत असेल, तर ८०० वॉटमुळे ती साधारण १४ अंशांनी तापते. बाहेर ३५ अंश असतील तर बाहेर पडणारी हवा ४९ अंशांची. वाट अडल्यामुळे हा प्रवाह निम्म्यावर आला, तर वाढ २८ अंशांची, म्हणजे ६३ अंश. विदर्भातील उन्हाळ्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत ३५ अंश ही काही विशेष बाब नव्हे. यापुढे चिप स्वतःला जपण्यासाठी आपला वेग कमी करते. संगणक बंद पडत नाही, तक्रार करीत नाही. लाखो रुपये देऊन घेतलेले सामर्थ्य निमूटपणे कमी होते आणि मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग मोठ्या कॅबिनेटचा उपयोग काय? उपयोग दोन: अवजड भाग बसवूनही हवेची वाट मोकळी राहते, आणि पंखे मोठे बसवता येतात. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो, त्यामुळे आवाज कमी होतो.

हा हवेचा प्रश्न नवा नाही. आजच्या बहुतेक कॅबिनेट्सची मांडणी ज्या एटीएक्स प्रमाणावर आधारलेली आहे, ते इंटेलने १९९५ मध्ये मांडले. पेंटियम ४ तापू लागला तेव्हा कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणावर प्रोसेसरच्या नेमके समोर एक नळकांडे बसवण्याची टूम निघाली. जुने संगणक उघडून पाहिलेल्यांना ते आठवत असेल. खोलीत ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्याला ३८ अंशांपेक्षा गरम हवा मिळू नये, हा त्यामागचा हिशेब होता. पुढे २००४ मध्ये इंटेलने बीटीएक्स ही नवीच मांडणी आणली. तीत प्रोसेसर थेट पुढच्या पंख्याच्या झोतात येत असे. तोवर कमी तापणारे प्रोसेसर आले आणि २००६ मध्ये बीटीएक्सचा नाद सोडून देण्यात आला. गंमत अशी, की आजची कार्डे त्या पेंटियमच्या कितीतरी पट उष्णता टाकतात, आणि मांडणी मात्र पुन्हा १९९५ चीच आहे.

त्या काळी 'फुल टॉवर' मोठे असे ते सीडी ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क यांच्या कप्प्यांसाठी. कप्पे जितके जास्त तितके कॅबिनेट भारी, असे समीकरण होते, आणि पुढची सारी बाजू त्या कप्प्यांनीच अडलेली असे. आता साठवणुकीची एसएसडी थेट मदरबोर्डवर बसते, सीडी ड्राइव्ह इतिहासजमा होत आले आहेत, आणि पुढची बाजू हवेसाठी मोकळी झाली आहे. त्यामुळे कप्पे मोजून कॅबिनेट घेण्याची जुनी सवय आज दिशाभूल करते.

मोजायचे आहे ते कार्ड. असूसच्या रॉग स्ट्रिक्स मालिकेतील आरटीएक्स ४०९० ची लांबी ३५७.६ मिलिमीटर, रुंदी १४९.३ आणि जाडी ७०.१ मिलिमीटर आहे. तुलनेसाठी, नेहमीच्या एटीएक्स मदरबोर्डची उंची ३०५ मिलिमीटर असते. ग्राहक लांबी पाहतो. घोटाळा होतो तो रुंदीत. या कार्डांना वीज देणारी १६ पिनांची वायर कार्डाच्या कडेवर, म्हणजे झाकणाच्या दिशेने बसते. २०२२ च्या ऑक्टोबरपासून या जोडणीचे प्लग वितळल्याच्या घटना जगभर गाजल्या. प्लग पूर्ण आत न बसणे हे कारण एनव्हिडियाने सांगितले, आणि पुढे २०२३ मध्ये त्या जोडणीचे सुधारित रूपही आले. प्लगपासून किमान ३५ मिलिमीटरपर्यंत वायर सरळ राहावी, वाकवू नये, असा सल्ला तेव्हापासून दिला जातो. १४९ मध्ये ३५ मिळवले की १८४ मिलिमीटर होतात. अरुंद कॅबिनेटमध्ये एवढी जागा नसते. झाकण लावताना काच त्या वायरीला दाबते आणि प्लग तिरका होतो. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात प्रोसेसरच्या कूलरसाठी जी कमाल उंची दिलेली असते, तीवरून या रुंदीचा ढोबळ अंदाज बांधता येतो. ती १६५ मिलिमीटर असेल, तर असे कार्ड आत जाईलही, पण वायरीचा गळा आवळला जाईल.

लांबीचेही एक पथ्य आहे. प्रोसेसर थंड ठेवण्यासाठी पाण्याचा कूलर घेतला, तर त्याच्या '३६० मिलिमीटर' रेडिएटरची खरी लांबी चारशेच्या घरात जाते. त्याची जाडी सुमारे २७ मिलिमीटर आणि पंख्यांची २५. हा जोड पुढे बसवला तर कार्डासाठीची जागा पाच सेंटीमीटरने घटते, आणि कार्डाला मिळते ती रेडिएटरमधून तापून आलेली हवा. रेडिएटर वर बसवल्यास पुढून ताजी हवा कार्डाला मिळते. मात्र प्रोसेसरला आतील कोमट हवेवर भागवावे लागते. आजची कार्डे प्रोसेसरहून दुपटीने अधिक उष्णता टाकत असल्याने बहुतेक वेळा वरची जागाच श्रेयस्कर. मग मदरबोर्डच्या वर तेवढी उंची आहे का, हे पाहणे आले. प्रशस्तपणा खरा कामी येतो तो येथे.

आकाराने मोठे ते थंड, असे मात्र नाही. कॉर्सेअरचे २०१८ चे ऑब्सिडियन १०००डी हे कॅबिनेट सुमारे १४८ लिटरचे आहे. त्यात दोन स्वतंत्र संगणक बसू शकतात. स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइनचे २०२१ मध्ये आलेले टोरेंट त्याच्या निम्म्याहूनही लहान, सुमारे ७० लिटरचे. परंतु त्याच्या पुढे १८० मिलिमीटरचे दोन पंखे असतात, वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, वर नेलेला आहे, आणि हवा कार्डावर थेट येते. एका संगणकासाठी ही मांडणी दुप्पट आकारापेक्षा अधिक मोलाची आहे. अनेक मोठ्या कॅबिनेट्ससोबत पंखे येतच नाहीत. त्यांचा खर्च वेगळा धरावा लागतो. रंगीबेरंगी दिव्यांवर खर्च करण्याआधी तो केलेला बरा.

दहाएक वर्षांपूर्वीपासून पुढची बाजूही काचेची करण्याची फॅशन आली. शोकेसमध्ये ती देखणी दिसते, पण हवा बिचारी कडेच्या फटींतून आत शिरते. पुढे जाळीच हवी. आपल्याकडे जाळी म्हटली की धुळीचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो रास्त आहे. आत हवा ढकलणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा थोडे जोरकस असले, की आत किंचित अधिक दाब राहतो आणि फटींतून धूळ ओढली जात नाही. हवा गाळणीतूनच येते. गाळणी तुंबली की हा दाब नाहीसा होतो आणि प्रवाहही मंदावतो. म्हणून ती कॅबिनेट न उघडता, पुढून हाताने काढता येते का, हे दुकानातच करून पाहावे. जी गाळणी काढायला पेचकस लागतो, ती वर्षभर कोणी काढत नाही.

तळातून हवा घेणारे कॅबिनेट फरशीवर ठेवल्यास केरसुणीने उडालेला केर थेट आत जातो. त्याला पाट वा बुटके स्टूल हवे. संगणकाच्या टेबलाखालचा तिन्ही बाजूंनी बंद कप्पा तर अशा यंत्रासाठी वर्ज्यच समजावा. तेथे मागून निघालेली गरम हवा वळून पुन्हा पुढून आत येते. वातानुकूलित खोलीतही ८०० वॉट म्हणजे एक टनाच्या एसीच्या क्षमतेचा जवळजवळ पाव हिस्सा, हे वीजबिल पाहणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

वजनाचा विचार सर्वांत शेवटी होतो. वर उल्लेखिलेले १०००डी रिकामेच २९.५ किलो भरते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत ते दुरुस्तीसाठी खाली नेणे दोघांचे काम आहे. आणि ते हलवताना दोन किलोहून अधिक वजनाचे कार्ड मदरबोर्डच्या खाचेवर आडवे लोंबकळत असते. खालून टेकू असला तरी घर बदलताना ते कार्ड काढून त्याच्या मूळ खोक्यातून न्यावे लागते, म्हणून ते खोके माळ्यावर जपून ठेवलेले बरे.