अँडीज पर्वतांतील बाजार व गिऱ्हाइकाची पारख

भूगोलाच्या पुस्तकांत अँडीज पर्वताची लांबी व उंची दिलेली असते. परंतु त्या पर्वताच्या कुशींत राहणारे लोक काय विणतात व काय विकतात, हें त्यांत क्वचितच सांगितलेलें असतें. म्हणून तेथील बाजारांची थोडी माहिती येथें देण्याचें योजिलें आहे.

इक्वेडोर देशांत ओटाव्हालो नांवाचें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें २,५०० मीटर उंचीवर वसलें आहे. तेथें शनिवारीं आसपासच्या खेड्यांतून इतके विणकर येतात कीं, बाजाराचा चौक अपुरा पडून दुकानें गल्ल्यांतहि मांडावीं लागतात. हे लोक किचवा भाषा बोलतात. विणकाम त्यांचें पुरातन. परंतु स्पॅनिश अमलांत तेंच काम त्यांजकडून कारखान्यांत सक्तीनें करून घेत असत. ज्या कौशल्यानें एके काळीं धन्याचें घर भरलें, त्याच कौशल्यावर आज त्यांचे वंशज स्वतःचा संसार चालवितात. पेरू देशांत कुस्को शहराजवळ पिसाक व चिंचेरो येथेंहि असेच बाजार भरतात.

येथील मुख्य माल लोकरीचा. मेंढ्या स्पॅनिश लोकांनीं आणिल्या. पण लामा व अल्पाका हे उंटाच्या कुळांतील प्राणी मूळचे त्याच प्रदेशांतले. अल्पाकाची लोकर फार मऊ व उबदार असते. तांबडा रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील नांवाच्या किड्यापासून काढितात. किडे वाळवून कुटतात, आणि त्या रंगांत लिंबाचा रस पिळला कीं त्याची छटा पालटते. जुन्या पद्धतीच्या मागाचें एक टोक खुंट्यास व दुसरें विणणारीच्या कमरेस बांधलेलें असतें. ती मागें रेलली कीं ताणा घट्ट होतो, पुढें वांकली कीं सैल पडतो. अशा मागावर नक्षीचें एक मोठें वस्त्र पुरें होण्यास कित्येक आठवडे लागतात. तितिकाका सरोवरांतील ताकीले बेटावर टोप्या पुरुष विणतात, आणि टोपीवरून मनुष्य विवाहित कीं अविवाहित तें ओळखतां येतें. त्या बेटावरील वस्त्रकलेचा युनेस्को या संस्थेनें २००५ सालीं मानवजातीचा वारसा म्हणून गौरव केला.

आतां अडचण अशी कीं, याच बाजारांत यंत्रावर विणलेला, कृत्रिम धाग्याचा मालहि अल्पाकाच्या नांवानें विकला जातो. तो ओळखावा कसा? एकच नक्षी रेघेरेघेनें तशीच दहा दुकानांत दिसली, तर ती बहुधा यंत्राची समजावी. जुन्या मागावरील वस्त्राच्या चारी कडा विणतांनाच बंद केलेल्या असतात. कात्रीनें कापलेली कड त्यांत नसते. विक्रेत्याच्या अनुमतीनें एखादा सुटा धागा जाळून पाहावा: लोकरीस जळक्या केसांसारखा वास येतो व तिची राख बोटांनीं चुरते, कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गोळी होते. मात्र लोकर मेंढीची कीं अल्पाकाची, हें या परीक्षेनें कळत नाहीं.

घासाघीस तेथेंहि रूढ आहे. पण यंत्राच्या मालास हातमालाची किंमत देणारा स्वतः फसतो; आणि हातमाल यंत्राच्या किंमतीस मागणारा विणणारीचे आठवडे फुकट नेऊं पाहतो. तिचे श्रम भरून आले नाहींत, तर तिची मुलगी मागाला हात लावणार नाहीं, आणि पुढील पिढींत तें वस्त्र कितीहि पैसे मोजले तरी मिळणार नाहीं. हें जाणून चिंचेरो येथील निल्डा कायान्याउपा या विणकर बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९६ सालीं कुस्को येथें पारंपरिक वस्त्रकलेचें केंद्र स्थापिलें. तेथें जुन्या नक्षी व वनस्पतींचे रंग नव्या पिढीस शिकविले जातात.

विद्यार्थिमित्रहो, वस्तूची किंमत विचारण्यापूर्वीं ती कशी होते हें विचारण्याची संवय लावून घ्या. मग घासाघीस कोठें करावी व कोठें थांबावी, हें कोणी सांगावें लागणार नाहीं.