शाळेच्या शौचालयाची कडी: लहान मुलांच्या हाताला झेपेल अशी कशी निवडायची?

शाळेतून आलेलं मूल दप्तर टाकून, बूटही न काढता थेट संडासाकडे धावत असेल, तर एकदा जवळ बसवून विचारा, "शाळेत का नाही गेलास?" घाण, वास, पाणी नाही, ही उत्तरं ओळखीची आहेत. पण पहिली-दुसरीतली मुलं आणखी एक कारण सांगतात: "दाराला कडी लागत नाही," किंवा "लावली तर मला उघडता येत नाही."

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. कडी लागत नसेल तर कोणी दार ढकलेल या भीतीने मूल जाणंच टाळतं, त्यासाठी दिवसभर पाणी कमी पितं. लघवी-शौच रोखून धरायची सवय लागली की लघवीचा जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठता मागे लागते. मुलींना हा संसर्ग लवकर होतो. उलट, एकदा आत अडकून रडलेलं मूल पुन्हा त्या दाराकडे फिरकत नाही.

म्हणून कडी निवडताना एकच कसोटी लावा. मुलाला ती आतून सहज लावता-काढता यायला हवी, आणि वेळ पडली तर मोठ्या माणसाला बाहेरून उघडता यायला हवी.

नेहमीच्या कड्या का चालत नाहीत?

शाळांत बहुतेक ठिकाणी टॉवर बोल्ट असतो. तो स्वस्त आणि मजबूत आहे, पण बाहेरून उघडत नाही. बिजागरी सैल होऊन दार खाली आलं की दांडी भोकासमोर येत नाही. मग दार उचलून कडी सरकवावी लागते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, लोखंड गंजतं. सहा वर्षांच्या मुलाला, तेही ओल्या हातांनी, हे कसं जमणार? 'बेबी लॅच'च्या नावावरही जाऊ नका. ती आकाराने लहान असते, पण बऱ्याचदा फक्त आतूनच फिरते.

मग कोणती घ्यावी?

मॉलमधल्या टॉयलेटला असतो तसा लाल-हिरव्या खुणेचा इंडिकेटर बोल्ट पहिली आणि पुढच्या मुलांसाठी चांगला. आतून मूठ फिरवली की बाहेर लाल रंग दिसतो, त्यामुळे दार ढकलून बघावं लागत नाही. बाहेरच्या बाजूला खाच असते. त्यात नाणं घालून फिरवलं की दार उघडतं. घेताना मूठ गोल गुळगुळीत नको, बोटांत धरता येईल अशी लांबट हवी. पाणी आणि फिनाइल रोज लागणार, म्हणून बोल्ट आणि स्क्रू दोन्ही स्टेनलेस स्टीलचे घ्या.

बालवाडीच्या मुलांना मात्र कडी नकोच. त्यांच्यासाठी साडेतीन-चार फुटांचं अर्धं दार आणि चुंबकाचा कॅचर पुरेसा. मुलाचा आडोसाही राहतो आणि मावशींना वरून डोकावताही येतं.

उंची आणि दार

सुतार सवयीने आपल्या छातीच्या उंचीला कडी ठोकतो. पाच वर्षांचं मूल साधारण साडेतीन फूट उंच असतं. त्यामुळे कडी जमिनीपासून अडीच फुटांवर हवी. नवी बसवण्याआधी बिजागऱ्या घट्ट करून घ्या, नाहीतर नवी कडीही महिनाभरात अडकेल. शक्य असेल तर दार बाहेरच्या बाजूला उघडणारं ठेवा. आत मूल चक्कर येऊन दाराला टेकून पडलं, तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही.

बाहेरची कडी

सर्वांत धोकादायक कडी दाराच्या बाहेरच्या बाजूला असते. मधल्या सुट्टीत मस्तीत एक मुलगा ती लावतो, घंटा होते आणि सगळे पळतात. आतलं मूल तसंच राहतं. प्रत्येक दाराची बाहेरची कडी काढून टाकावी. कुलूप लावायचंच असेल तर मुख्य दाराला लावावं. आणि शाळा बंद करताना प्रत्येक दार उघडून आत कोणी नाही ना, हे शिपाई किंवा मावशींनी रोज पाहावं.

पालकांनी काय करायचं?

जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांत, उर्दू शाळा धरून, शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघात विषय मांडता येतो. मक्तब-मदरशात थेट जबाबदार माणसाशी बोला. बोलण्याआधी स्वतः जाऊन बघा. वर्गातल्या सर्वांत लहान मुलाला ओल्या हातांनी तीनदा कडी लावायला-काढायला सांगा. एकदाही अडली तर ती कडी बदलायची.

बाहेरून उघडणाऱ्या कडीचा गैरवापर होऊ नये म्हणून शाळेने नियम ठरवावा. आधी दार वाजवायचं, नाव घेऊन हाक मारायची, उत्तर आलं नाही किंवा मुलाने मदत मागितली तरच उघडायचं. तेही नेमलेल्या मावशी किंवा बाईंनीच. घरात परवानगी घेऊनच खोलीत यायचं, हे आपण मुलांना शिकवतो. शाळेतही त्यांना तोच मान मिळायला हवा.

मुलांनाही घरी सराव द्या. अडकलास तर दारावर चढायचं नाही, दार वाजवून मोठ्याने हाक मारायची, हे समजावा. आणि कोणी अडकलं तर हसायचं नाही, धावत जाऊन बाईंना सांगायचं, हेही शिकवा.

पुढच्या पालकसभेला जाल, तेव्हा मार्कांची चौकशी करायच्या आधी एकदा शौचालयाचं दार लावून बघा.