संत्र्याचे पांढरे धागे आणि यकृतातले हमाल

आंबिया बहराच्या दिवसांत नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात गेलात, तर संत्रा आधी नाकाला कळतो, मग डोळ्यांना. फळाच्या देठाशी अंगठा रोवला की सैल साल सहज सुटते, बोटांवर तेलाचा बारीक फवारा उडतो आणि फोडींना चिकटलेले पांढरे धागे दिसतात. हे धागे आपण निगुतीनं काढून टाकतो. हेस्पेरिडिन नावाचं पॉलिफिनॉल मात्र रसापेक्षा या धाग्यांत आणि सालीच्या आतल्या पांढऱ्या अस्तरात जास्त असतं.

'सालीचा काढा घ्या, कोलेस्टेरॉल उतरतं,' असं छातीठोकपणे सांगणारे आता घरोघरी भेटतात. त्यात तथ्य किती, हे पाहायला यकृताच्या पेशीपर्यंत जावं लागतं.

कळमन्यातलंच चित्र डोळ्यांपुढे आणा. एलडीएल म्हणजे रक्तातून फिरणारा भरलेला ट्रक. एकेका कणात कोलेस्टेरॉलचे सुमारे १५०० रेणू लादलेले असतात. पेशीच्या दारात उभा असलेला ग्राही, म्हणजे रिसेप्टर, हा हमाल. तो एलडीएलला धरून आत नेतो, माल उतरवतो आणि दहाएक मिनिटांत पुन्हा दारात हजर होतो. पीसीएसके९ हे प्रथिन त्याला चिकटलं, तर मात्र तो परतत नाही, आतच मोडीत निघतो. हमाल कमी पडले की ट्रक बाहेर तुंबतात, आणि तुंबलेला माल रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साठतो. काही मुलांना लहान वयातच हृदयविकार का होतो, याचा शोध घेताना मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना हे ग्राही सापडले. त्या मुलांच्या पेशींत ते नव्हते किंवा सदोष होते. १९८५ साली दोघांना नोबेल मिळालं. स्टॅटिनची गोळी पेशीतलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन रोखते. मग टंचाई झालेली पेशी दारात जास्त हमाल उभे करते.

लिंबूवर्गीय पॉलिफिनॉल्सही हेच करताना दिसली आहेत, पण काचेच्या बशीत. मानवी यकृताच्या हेपजी२ पेशींवर हेस्पेरेटिन आणि नॅरिन्जेनिन सोडल्यावर ग्राही बनवण्याचा जनुकीय संदेश वाढला. मात्र तिथं वापरलेली मात्रा संत्र्याचा रस प्यायल्यावर रक्तात सापडते त्याच्या कैक पट होती. हेस्पेरिडिनला साखरेचे रेणू जोडलेले असतात. हे रेणू मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात, तेव्हा कुठे हेस्पेरेटिन सुटतं आणि त्याचा थोडा भाग रक्तात उतरतो. त्याचंही रूप आतडं आणि यकृत पालटून टाकतात.

मग माणसांवर पाहिलं गेलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोलेस्टेरॉल थोडं वाढलेल्या १९४ जणांचा समावेश होता. काहींना रोज ८०० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन, काहींना ५०० मिलिग्रॅम नॅरिन्जिन, म्हणजे नॅरिन्जेनिनचं साखर जोडलेलं रूप, चार आठवडे दिलं. एलडीएल हललं नाही.

म्हणून संत्रा टाकून द्यावा, असं मी मुळीच म्हणणार नाही. धाग्यांत आणि फोडींच्या पापुद्र्यांत पेक्टिन असतं. पुरेशा प्रमाणात पोटात गेलं तर ते पित्ताम्लांना बाहेर नेतं, आणि नवी पित्ताम्लं बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढतं. रस गाळला की यातला बराचसा भाग चोथ्यात जातो. तेव्हा फळ धाग्यांसकट खा.

घरात कुणाला स्टॅटिन चालू असेल, तर एवढं नक्की सांगा: संत्रा खुशाल खा, पण ग्रेपफ्रूट किंवा पपनस खाण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण काही स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण त्यांनी वाढतं. आणि काढ्याच्या भरवशावर गोळी बंद करू नका.