जुमेरात ते जुम्मा: धार-देवासच्या मुस्लिम घरांतला आठवडा

मुस्लिम घरातला आठवडा शुक्रवारभोवती फिरतो. तयारी मात्र गुरुवारी दुपारीच सुरू होते. इस्लामी गणनेत दिवस सूर्यास्ताला बदलतो, त्यामुळे गुरुवारची मगरिबची अजान झाली की शुक्रवार लागलाच. म्हणून माळव्यातल्या धार आणि देवासच्या मोहल्ल्यांत जुमेरात, म्हणजे गुरुवार, हा झाडझुडीचा, कुडत्यांना इस्त्री करण्याचा, आले-लसूण वाटून ठेवण्याचा वार. वारांची नावेही इथल्या जुन्या बायकांच्या तोंडी वेगळी असतात. सोमवार म्हणजे ‘पीर’, शुक्रवार ‘जुम्मा’ आणि शनिवार चक्क ‘हफ्ता’. फारसीत हफ्त म्हणजे सात. मराठी माणूस दर महिन्याला कर्जाचा जो हप्ता भरतो, तो शब्दही याच घरचा.

शुक्रवार हा सुटीचा वार नव्हे, हे मुद्दाम सांगायला हवे. कुराणाच्या ‘अल-जुमुआ’ या बासष्टाव्या सूरेत अजान ऐकताच खरेदी-विक्री थांबवा असे सांगितले आहे आणि लगेच पुढे, नमाज झाल्यावर पांगा व रोजी शोधा, असेही. दुकानाची फळी दुपारी तास-दीड तास पडते, मग पुन्हा उघडते. घरातला जुम्मा या तास-दीड तासाच्या दोन्ही अंगांना पसरलेला असतो. सकाळी नखे कापणे, गुसल (स्नान), धुतलेले कपडे, जाळीची पांढरी टोपी. अत्तराचा कापसाचा फाया आजोबा आधी आपल्या कानाच्या पाळीत खोचतात आणि उरलेला ओला हात नातवाच्या कुडत्याला पुसतात. पुरुष आणि मुलगे मशिदीत जातात. बायकांवर जुम्याची सामुदायिक नमाज बंधनकारक नाही. त्या घरी जानमाज अंथरून नेहमीची जुहरची नमाज पढतात. या सगळ्यात चुलीवरची हंडी मंद आचेवर चालूच असते. पुलाव, दालचा किंवा नुसते गोश्त-रोटी, ऐपत असेल तसे. माळव्याचे दाल-बाफलेही या घरांना परके नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी काय करायचे, यावर मात्र एका गल्लीतल्या दोन घरांचेही एकमत नसते. एका घरात उदबत्ती लागते, गोडाच्या वाटीवर फातिहा (कुराणातल्या पहिल्या सूरेचे पठण) दिली जाते, घरातली थोरली बाई दर्ग्याला जाऊन येते. धारमध्ये त्यासाठी चिश्ती परंपरेतले सूफी कमाल मौला यांचा दर्गा आहे. पलीकडच्या घराला हे मान्य नसते. तिथे शुक्रवारी कुराणातली ‘कहफ’ ही सूरा वाचली की झाले. गोडाची वाटी मात्र पुष्कळदा दोन्ही घरांत पोचते.

स्वयंपाकाच्या बाबतीत धारच्या मुलखाला फार जुना वारसा आहे. माळव्याच्या सल्तनतीची पहिली राजधानी धार. दिलावर खानाने १४०५ मध्ये बांधलेली लाट मशीद आजही तिथे उभी आहे. पुढे होशंगशाहाने राजधानी मांडूला नेली आणि त्याच मांडूत गियासशाहाच्या दरबारी (१४६९ ते १५००) ‘निमतनामा’ हा सचित्र पाकग्रंथ आकाराला आला. हस्तलिखित आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात समोशांचे नाना प्रकार आहेत, खिचडी आहे, हिंगाची फोडणी आहे, शिवाय अत्तरे करण्याच्या कृती. चित्रांत सुलतान बसलेला आणि भोवती भांडी हलवणाऱ्या बायका. ग्रंथावर नाव शाहाचे राहिले, हात कोणाचे ते चित्रकाराने दाखवून ठेवले आहे.

धारच्या शुक्रवाराला आणखी एक, सार्वजनिक बाजू आहे. मंदिर की मशीद असा वाद असलेल्या भोजशाला–कमाल मौला परिसरात मंगळवारी पूजा आणि शुक्रवारी नमाज, अशी वाटणी पुरातत्त्व खात्याने २००३ मध्ये केली होती. बाहेरच्या वर्तमानपत्रांना धारचा शुक्रवार माहीत असतो तो या वादामुळे. मोहल्ल्यातल्या घरांत तो इस्त्री, हंडी आणि अत्तर यांचा वार असतो, आणि त्याची बातमी होत नाही.

जिल्ह्याच्या पश्चिमेला बाग गावात आठवड्याला आणखी एक ताल आहे. मूळ सिंधचे मुस्लिम खत्री कुटुंब १९६२ मध्ये इथे स्थिरावले आणि इस्माईल सुलेमानजी खत्री यांच्या हातून बागचे ठसेकाम नावारूपाला आले. २००८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या धंद्यात घर आणि कारखाना यांच्यात भिंत अशी नसतेच. कोरे कापड बकरीच्या लेंड्या, एरंडेल आणि मीठ यांत मळायचे, हरड्याच्या पाण्यातून काढायचे, तुरटी आणि चिंचोक्याच्या खळीने ठसे उठवायचे. मग ते आठवडाभर तरी नुसते ठेवायचे, रंग मुरायला. पुढे वाहत्या पाण्यात धुणे आणि तांब्याच्या कढईत आलिझरीन व धावडीच्या फुलांबरोबर उकळणे. घाई केली तर कापड डागाळते. ज्या घरात रंग मुरण्याची वाट पाहणे हे रोजचेच काम आहे, तिथे शुक्रवारच्या दुपारी हात थांबवणे कोणाला जड जात नसावे. यापलीकडे आठवडी हाट असतोच. आदिवासी गिऱ्हाईक त्या दिवशी येते, आणि घरचे मीठ-मिरची-कांदेही त्याच दिवशी भरले जातात.

देवासचा ठेका वेगळा. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातींचे हे संस्थानी गाव १९७० च्या दशकात कारखान्यांचे झाले; बँक नोट प्रेस त्याच दशकातली. कारखान्याला आणि शाळेला सुटी रविवारी. त्यामुळे इथल्या पुष्कळ मुस्लिम घरांत आठवड्याला दोन शिखरे झाली आहेत: नमाजेचा जुम्मा आणि पाहुण्यांचा इतवार. शुक्रवारी डब्यात भाजी-रोटी जाते; बिर्याणीचा डेग रविवारी चढतो, कारण खाला आणि फुप्पी, त्यांची मुले, सगळी त्याच दिवशी येऊ शकतात. सकाळी पोहे-जिलेबी मात्र गावाबरोबरच.

या रहाटीतून समाधान येते कुठून? घरच्या भाषेत त्याला तीन शब्द आहेत. जे आहे त्यात मन भरणे ती कनाअत. ते बोलून दाखवणे तो शुक्र. आणि थोड्यात पुरून उरणे ती बरकत. तिसरा शब्द मराठी गृहिणीच्याही तोंडी आहे. ‘बिस्मिल्ला’ म्हणून कणीक भिजवणे, दस्तरखानावर सांडलेला कण उचलून खाणे, उरलेला चुरा चिमण्यांना टाकणे, या सवयी बरकतीसाठीच. नीटनेटक्या संसाराला उर्दूत सलीका म्हणतात आणि तो करणारीला ‘सुघड’. मराठीतही सुघड आहेच. नजीर अहमद यांच्या १८६९ च्या ‘मिरातुल उरूस’ या कादंबरीतली असगरी ही सुघडपणाची मूर्तीच. ती किराण्याचा हिशेब तपासते आणि वर्षानुवर्षे लुबाडणारी मोलकरीण पकडते. पुढे मौलाना अशरफ अली थानवी यांचे ‘बहिश्ती जेवर’ नववधूंना आहेरात दिले जाऊ लागले; त्यात धर्माच्या नियमांबरोबर पाककृती, पत्रलेखन आणि जमाखर्चही आहे. मराठीत लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ घरोघर पोचत होते, तोही साधारण हाच काळ.

मानसशास्त्राने समाधानाच्या या प्रश्नाकडे उशिरा पाहिले. बार्बरा फीज आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कुटुंबाच्या नित्यक्रमांवरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यांनी नुसता नित्यक्रम आणि विधी यांत फरक केला: नित्यक्रमात काम उरकायचे असते, विधीतून आपण कोण हे घरच्यांना कळते. इस्त्री हा नित्यक्रम. नातवाच्या कुडत्याला पुसलेले अत्तर हा विधी.

पण समाधानाचा हिशेब कष्टाचा आकडा सोडून करता येत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या भारतीय बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवताना दिसल्या, पुरुष ९७. ही तफावत सर्वच धर्मांच्या घरांतली. जुम्याच्या हंडीलाही ती चुकत नाही. धर्मग्रंथांची साक्ष काढायची तर ती पुरुषांना अडचणीचीच आहे. पैगंबर घरी असताना घरच्यांच्या कामात असत, अशी हजरत आयेशांची साक्ष हदीसमध्ये नोंदलेली आहे. आपली पादत्राणे ते स्वतः दुरुस्त करत. स्वयंपाक हे पत्नीवर कायद्याने लादता येणारे काम नाही, असेही अनेक जुन्या धर्मशास्त्र्यांनी लिहून ठेवले आहे. देवासमध्ये रविवारचा डेग चढवायला आता काही घरांत पुरुष उभे राहतात, लग्नाच्या बावर्च्याच्या थाटात. कांदा चिरून, मसाला वाटून, तांदूळ भिजवून त्यांच्या हाताशी आधीच ठेवलेला असतो. रात्री पाहुणे गेले की दस्तरखान अंगणात झटकला जातो, डेग भिजत पडतो आणि मुलांचे युनिफॉर्म दोरीवरून उतरतात, उद्या पीर.