ऊन तेच, मग पाऊस वेगळा का?

सूर्य काही लहरी नाही. वातावरणाच्या माथ्यावर तो दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट देतो, आणि त्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात फरक पडतो तो जेमतेम ०.१ टक्क्याचा. इतका स्टेबल सप्लाय आपल्या लॅबमध्येही मिळत नाही!

तरीही २०१५ साली देशात मान्सून १४ टक्के कमी पडला आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. आमच्या विंगमध्ये त्या भागातली मुलं आहेत. जुलै कोरडा गेला की घरच्या फोनवर सोयाबीनशिवाय विषय नसतो, कारण फीचा पुढचा हप्ता त्यावरच असतो. ऊन तेच, तर घोळ कुठे?

घोळ समुद्रात. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला जॉग्रफीत मान्सून म्हणजे दोन बाण असायचे: जमिनीवरची हवा वर, समुद्रावरची आत. चुकीचं नाही, पण अर्धंच. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात, कोरड्या मातीला त्याच्या साधारण पाचवा हिस्सा. (बादलीत रॉड टाकून ताटकळणाऱ्यांना हे सांगायला नको. वॉर्डनसाहेब, उदाहरण केवळ शैक्षणिक आहे.) समुद्राचं वरचं तीनेक मीटर पाणीच अख्ख्या वातावरणाइतकी उष्णता धरू शकतं. म्हणजे सूर्य पैसे भरतो, पण खातं समुद्राचं. तो ते कुठे खर्च करेल, त्यावर आपला पाऊस.

एरवी पॅसिफिकमधले वारे कोमट पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात. तिथे हवा वर चढते, ढग होतात. एल निनोच्या वर्षी हे वारे मंदावतात, कोमट पाणी पेरूच्या दिशेने सरकतं, त्यामागून ढगही जातात आणि आपल्या बाजूला हवा खाली दबते. २०१५ मध्ये हेच झालं.

पण १९९७ चा एल निनो शतकातल्या सर्वांत जोरदारांपैकी असूनही मान्सून सरासरीच्या १०२ टक्के झाला! यातला एक धागा १९९९ मध्ये साजी, यामागाता आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये मांडला: हिंदी महासागराचाही आपला झोका असतो. आफ्रिकेकडची बाजू तापली आणि सुमात्राकडची गार झाली, की आपल्याला बहुधा फायदा. २०१९ मध्ये जूनची तूट ३३ टक्के होती, तरी हंगाम संपला ११० टक्क्यांवर. अर्थात ही गॅरंटी नव्हे. २०२३ मध्ये हा झोका अनुकूल व्हायला उशीर झाला, ऑगस्ट ३६ टक्के कोरडा गेला आणि हंगाम ९४ टक्क्यांवर थांबला.

त्यात हरितगृह वायूंमुळे अडकलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के समुद्रच गिळतोय. ती मोजायला जगभरात चारेक हजार 'आर्गो' तरंगती यंत्रं सोडलेली आहेत, आपल्या समुद्रात हैदराबादच्या 'इन्कॉइस'नेही. तेलाची पिशवी फुगवत-आकसवत यंत्र दोन किलोमीटर खोल जातं, दर दहा दिवसांनी वर येऊन उपग्रहाला तापमान कळवतं. मेकॅनिकलवाल्यांनो, प्रोजेक्टचा विषय अजून ठरला नसेल तर ती पिशवी एकदा बघाच.